दुकानाचा वाटा

पालघरला निघाले तेव्हा शेजारच्या शोभाताईंनी विचारलं, "तिथं बघण्यासारखं काय आहे हो?" मी म्हटलं, "मास्तर." त्यांना वाटलं चेष्टा करतेय. पण मी खरंच मास्तर बघायला चालले होते. जन्मभर सोलापुरात अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवलं, निवृत्त झाले, आणि संस्थेनं मला मूल्यमापक करून टाकलं. संस्थेच्या शाळांना जोडून जी कनिष्ठ महाविद्यालयं आहेत, तिथले वाणिज्याचे नवे शिक्षक कसे शिकवतात ते वर्गात मागे बसून बघायचं आणि त्यांना कायम करावं की नाही ते लिहून द्यायचं. बरोबर एक जोडीदार असतो. माझे जोडीदार निंबाळकर सर, साताऱ्याकडचे, माझ्याच विषयाचे, आणि नियमाला इतके पक्के की घड्याळानं त्यांच्याकडून वेळ लावून घ्यावी.

नियम दोनच आहेत. वर्गात मूल्यमापकानं तोंड उघडायचं नाही. आणि ज्याचं मूल्यमापन करायचं त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, चहाचा घोटसुद्धा. निंबाळकर सर स्वतःचा थर्मास घेऊन फिरतात. मला दुसरा नियम जमतो. पहिला म्हणजे शिक्षाच आहे. मला मुळात एका जागी बसवत नाही, त्यात समोर कोणीतरी पुस्तपालन चुकीचं शिकवतंय आणि आपण मुंडी हलवत बसायचं!

पालघर

लॉजवर सामान टाकलं आणि अंघोळ केली. तासाभरात परत केली. आमच्याकडचं ऊन सरळ अंगावर येतं, भाजून काढतं, पण सावलीत गेलं की सोडतं तरी. इथली हवा चिकटली की चिकटली. दिवाळी होऊन गेली होती, तरी पंख्याखाली घाम. मी खोलीत इकडून तिकडे फेऱ्या मारत होते, तर पलीकडच्या खोलीतून निंबाळकर सरांनी विचारलं, "जाधव मॅडम, काही हरवलंय का?"

जेवायला खाली गेलो. मी मटण खाणारी बाई, पण मासा म्हणजे आमच्या उजनी धरणाचा, जाड काट्याचा, दिसतो आणि निघतो. इथं ताटात तळलेले बोंबील आले, पिवळेजर्द, कुरकुरीत. आत सगळं लोण्यासारखं मऊ. काटा कुठे ते कळेना. मी दोन बोटांनी उकरत बसले, ते बघून वाढणारा म्हणाला, "मॅडम, शोधू नका. काट्यासकट खा. तो काय नडत नाय." मला धीर झाला नाही. निंबाळकर सर शाकाहारी, वरणभात कालवत गालात हसत होते.

रविवार होता म्हणून संध्याकाळी रिक्षा करून केळव्याच्या किनाऱ्यावर गेलो. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून पाणी खेळवलेलं, गारवा. मुंबईचे लोक सुरूच्या बनात चटया टाकून पडलेले. काय बाई निवांत लोळतात माणसं! मी वाळूत दोन टोकांपर्यंत चालून आले, भेळ खाल्ली, आणि परत चला म्हणून सरांच्या मागे लागले. दुसऱ्या दिवसाचा वर्ग डोक्यात असला की मला समुद्रसुद्धा दिसत नाही.

बोईसर

बोईसरला उतरलं की कानावर आधी हिंदी पडते. "एमआयडीसी? बेटेगाव? कहाँ जाना है, मॅडम?" रिक्षात बसलो तर हवेत कसला तरी आंबूस, औषधी वास. मी नाक मुरडलं. रिक्षावाला मजेत म्हणाला, "दो दिन रहो, फिर नहीं आएगा." तो स्वतः गोरखपूरचा होता.

शाळेतली मुलं महाराष्ट्राच्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली. आईबाप कारखान्यात, नाहीतर वीज प्रकल्पाच्या कामावर. शिक्षक चव्हाण सर, तरणे, इस्त्रीचा शर्ट, भिंतीवर चित्रं दाखवायचं यंत्र लावून तयार. विषय होता विमा. पाठ असा झाला की काय सांगू! सरांचा प्रश्न अर्ध्यात असतानाच उत्तर यायचं. एका मुलानं तर प्रश्नाच्या आधीच हात वर केला आणि शेजारच्यानं तो खाली ओढला. निंबाळकर सर खूण करत गेले, सगळ्या रकान्यांत उत्तम.

मधल्या सुट्टीत नळावर एक मुलगी भेटली. मी म्हटलं, "छान उत्तरं दिलीत गं." ती म्हणाली, "मॅडम, ये लेसन तो दिवाली के पहले से चल रहा है." आणि बाटली भरून निघून गेली.

निंबाळकर सरांना सांगितलं तर म्हणाले, "तयारी करून घेणं हा गुन्हा आहे का?" नाहीच म्हणा. चव्हाण सरांना विमा पक्का येत होता, मुलांनाही येत होता. खोट काढायला कुठेच जागा नव्हती. मी सही केली आणि दिवसभर चपलेत खडा गेल्यासारखी फिरत राहिले.

किनाऱ्यावरचं गाव

या गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर मला फोन येतील, आणि फोन घ्यायची आता ताकद नाही. मच्छीमारांचं गाव आहे एवढं पुरे. वेशीपासूनच सुक्या मासळीचा वास. बांबूच्या मांडवांवर बोंबील टांगलेले, ओळीच्या ओळी, वाऱ्यावर हलणारे. बायका डोईवर पाट्या घेऊन असल्या झपाझप चालत होत्या की मला, चालणाऱ्या बाईला, लाज वाटली. पुरुष दिसले ते जाळी विणत बसलेले. आमच्याकडे बाजाराचा पैसा पुरुषाच्या खिशात असतो. इथं तो बाईच्या कमरेला, चंचीत.

शिक्षिकेचं नाव मेघना तामोरे. याच गावची. शिडशिडीत, डोळ्यांत झोप नसलेली. तिचं तात्पुरत्या नेमणुकीचं वर्ष आता संपत होतं, आम्ही 'कायम करावे' लिहिलं तर ती राहणार, नाही लिहिलं तर जागा दुसऱ्याला. आम्ही आधी तिच्या बारावीच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका मागितल्या. निंबाळकर सरांनी पहिली उघडली, दुसरी उघडली, मग पुढच्या सगळ्या भराभर चाळल्या आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

प्रश्न साधा होता. तिघांनी भागीदारीत किराणा दुकान काढलं, नफ्याच्या वाटणीबद्दल काहीच ठरवलं नाही, तर नफा कसा वाटायचा? बारावीच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल, समान. तिघांत तीन भाग. इथं सगळ्या वर्गानं नफ्याचे चार भाग केले होते. भागीदार तीन, वाटे चार.

"चौथा कोण?" मी विचारलं.

"वाचा की," सर म्हणाले.

चौथा वाटा दुकानाला दिला होता! एकूण एक पोरानं. मला हसू फुटलं, पण सरांना अजिबात नाही. "मॅडम, एक मुलगा चुकला तर मुलगा चुकतो. वर्गच्या वर्ग चुकतो तेव्हा शिक्षक चुकलेला असतो." बरोबरच होतं ते.

मेघनाला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "भागीदारी शिकवताना मी आपल्या बोटीचं उदाहरण दिलं होतं, सर. इथं बोट समुद्रातून आली की डिझेल-बर्फाचा खर्च काढतात आणि उरलेल्याचे वाटे पडतात. माणसांचे वाटे असतात, तसे बोटीचे आणि जाळ्याचेही असतात. मुलांना ते पटकन कळलं. जरा जास्तच कळलं." मग म्हणाली, "आज तोच प्रश्न परत घेते. तुम्ही बसा."

बसलो. तिनं फळ्यावर प्रश्न लिहिला आणि सांगितलं, दुकानाला वाटा नसतो. पुढच्या बाकावरची कृतिका नावाची मुलगी उभी राहिली. "मॅडम, दुकानाला वाटा नाय दिला तर छप्पर गळलं की कोण बघणार? बोटीला वाटा नाय दिला तर पुढल्या वर्षी रंग कोण लावणार?"

अहा! काय प्रश्न होता! जन्मभर शिकवून असला प्रश्न मला वाट्याला आला नाही. मेघनानं खडू उचलला. तेवढ्यात सरांचं पेन कागदावर करकरलं आणि तिचं लक्ष तिकडे गेलं. चेहरा उतरला. "पुस्तकात तसं नाही. परीक्षेत समान लिहायचं. खाली बस."

कृतिका बसली. वर्ग मेला.

माझे पाय हलायला लागले. उत्तर जिभेवर आलेलं. गप्प बस, म्हातारे, म्हणून मी स्वतःलाच चिमटा काढला. मेघना पुन्हा तेच वाक्य सांगायला लागली, समान, समान, आणि मला काय झालं कोण जाणे, मी उठले, तिच्या हातातून खडू घेतला आणि फळ्यापाशी गेले. "बघा रे पोरांनो. बोट झिजते ना? इंजिन झिजतं ना? त्या झिजेला आपल्यात घसारा म्हणतात. तो नफा काढायच्या आधीच खर्चात जातो. तुमच्या बोटीचा वाटा म्हणजे घसारा. तो आधी निघाला, म्हणून नफा वाटताना दुकान मध्ये येत नाही. कळलं?"

"हो मॅडम," मुलं म्हणाली. मी भलतीच खूश होऊन मागे वळले. निंबाळकर सरांनी पेनाला टोपण लावलं होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "जाधव मॅडम, पाठ कोणाचा होता?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मूल्यमापक मध्ये बोलला की तो पाठ रद्द. पाठ रद्द झाला म्हणजे तामोरेबाईंच्या नावावर उरलं काय? त्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका. दुकानाचा वाटा. आणि एवढ्यावर 'कायम करावे' असं कोणी लिहीत नाही.

मेघना दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं. रडली नाही. म्हणाली, "मला दुसरीकडे मिळेल नोकरी, मॅडम. वसईला मिळेल, ठाण्याला मिळेल. पण इथं कोण येणार? माझ्या आधी या जागेवर एकही टिकला नाही. येतात, वासानं कंटाळतात, जातात. पोरांचं अर्धं वर्ष शिक्षकाशिवायच जातं."

शाळेच्या मागेच तिचं घर. अंगणात तिची आई बोंबील उलटत होती. आम्हाला बघून हात धुवायला लागली. "या, बसा. जेवण तयार हाय. तांदळाची भाकर हाय नि कालवण हाय." मी सांगितलं की आम्हाला घेता येत नाही, नियम आहे. "असला कसला नियम?" तिनं विचारलं. "घरात आलेला माणूस उपाशी जातो काय? पाणी तरी?" सरांनी थर्मास वर करून दाखवला. म्हातारीनं थर्माससकट सरांना खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "लेकीनं काय चुकवलं काय, बाय?"

"तिनं नाही हो," मी म्हटलं. आणि तिथे मला उभं राहवेना.

परतीच्या गाडीत मी सरांचं डोकं खाल्लं. एक पाठ आणखी बघा. माझी चूक तिच्या पानात वाढू नका. सर खिडकीबाहेर बघत होते. पालघर येईपर्यंत मी थांबले नाही. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. उद्या पुन्हा. पण तुम्ही वर्गात नाही बसायचं. व्हरांड्यात बसा. आवाज आला तर मी उठून गाडीत जाऊन बसेन."

पुन्हा तेच गाव

शाळेच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. मी त्यावर बसले, उठले, परत बसले. खिडकीतून फक्त आवाज येत होता. समोर समुद्राला ओहोटी, होड्या चिखलात तिरप्या पडलेल्या. मनात एकच, देवा, या पोरीला आज घाबरवू नकोस.

"काल त्या मॅडमनी सांगितलं ते बरोबर आहे," मेघनाचा आवाज आला, "पण पूर्ण नाही."

मी बाकावर ताठ झाले. काय म्हणाली ही?

"बोटीचा सगळा वाटा रंगाला नि इंजिनाला जातो काय रे?"

"नाय!" वर्ग ओरडला.

"मग उरलेला कोण घेतो?"

"मालक!"

"म्हणजे बोट वाटा घेत नाही. बोटीच्या नावानं माणूस घेतो. बोट त्याची, म्हणून वाटा त्याचा. हिशेबात कायम हेच शोधायचं, की कुणाच्या नावानं कोण घेतंय. आता दुकानाकडे या. हे दुकान कोणाचं?"

मग कृतिकाचा आवाज, "तिघांचं."

"मग दुकानाच्या नावानं काढलेला चौथा वाटा कोणाचा?"

"तिघांचाच!" कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळा वर्ग हसायला लागला. फिरून फिरून पैसा तिघांतच येत होता. समान.

घसारा म्हणून मी केवढ्या तोऱ्यात सांगून आले होते! अर्धीच वाट दाखवली होती मी पोरांना. हिनं घरापर्यंत पोचवली. मला माझा राग आला आणि तिचं इतकं कौतुक वाटलं की मांडीवर थाप मारायला उचललेला हात मी अधांतरी धरून ठेवला. आवाज आला असता ना!

पण कृतिका काही बसायला तयार नव्हती. "पण मॅडम, काही ठरलं नसेल तर समान, असं ना? आमच्या बोटीवर पण कुठं कागद असतो? काहीच लिवलेलं नाय. मग तिथं पण सगळ्यांना समान पायजे."

आता मेलो, मला वाटलं. आतून पेनाचा आवाज आला नाही. मी कान खिडकीला लावला.

"लिहिलेलं नाही," मेघना सावकाश म्हणाली, "पण ठरलेलं आहे ना? तुझ्या बापाला विचार, बोट चालवणाऱ्या तांडेलाचा वाटा किती, जाळ्याचा किती. लगेच सांगेल. कायद्याला तोंडी ठरलेलं चालतं. आपल्या गावात करार आहे, फक्त कागद नाही. त्या दुकानवाल्या तिघांत कागदही नव्हता आणि ठरलेलंही काही नव्हतं. असं जिथं असेल, तिथंच समान. परीक्षेत प्रश्न आला की आधी बघायचं, काही ठरलंय का?"

मग तिनं एक छोटी चाचणी घेतली. या वेळी कापडाचं दुकान, भागीदार दोन. निंबाळकर सरांनी स्वतः एकेक कागद तपासला. दुकानाला वाटा कोणी दिला नव्हता. एका कागदापाशी ते थांबले, दाराशी आले आणि मला न बोलता तो दाखवला. उत्तर बरोबर होतं. खाली कृतिकानं आपल्या मनानं एक ओळ लिहिली होती: 'दुकान कोणाचं ते आधी विचारावे.' सरांनी त्यापुढे गुण वाढवता येत नाहीत म्हणून नुसती बरोबरची खूण केली, मोठी.

अहवाल त्यांनी तिथेच मुख्याध्यापकांच्या खोलीत लिहिला. 'कायम करावे.' पण खाली आणखी एक परिच्छेद होता. पहिला पाठ का रद्द झाला, दुसरा का घ्यावा लागला, मूल्यमापक जाधव यांनी वर्गात हस्तक्षेप केला, दोष शिक्षिकेचा नाही. पेन माझ्यापुढे करत सर म्हणाले, "हे लिहिल्याशिवाय दुसरा पाठ धरता येत नाही. वाचून सही करा."

वाचलं. सगळं खरं होतं. केली सही.

निघताना तिच्या आईनं पुन्हा जेवायला विचारलं. पुन्हा नाही म्हणावं लागलं. म्हातारी पाठ फिरवून बोंबील उलटत राहिली. दोन दिवसांत मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

सोलापूर

परत येऊन बरेच दिवस झाले. आधी संस्थेचं पत्र आलं. आजवरच्या सेवेबद्दल आभार, यापुढे आपणास मूल्यमापनाचं काम देण्यात येणार नाही. गेलं ते गेलं. तशीही मला मागच्या बाकावर कुठे बसवत होतं? पण खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. दोन दिवस कुणाशी बोलले नाही, शोभाताईंना वाटलं आजारी आहे.

मग पार्सल आलं. दोरीनं आवळलेलं, तरी जिन्यापासून वास. शोभाताई दार उघडून पदर नाकाला लावून उभ्या, "काय मेलंय हो?" तेवढ्यात फोन वाजला. मेघना होती. कायम झाल्याची ऑर्डर हातात पडली होती.

"मॅडम, आईनं पाठवलंय. ऐकेचना ती. तुम्ही घ्याल ना? नियमात बसत नसेल तर परत पाठवा, मी समजावते तिला."

मला आलेल्या संस्थेच्या पत्राचं तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

"बसतंय गं," मी म्हटलं, "आता नियमात बसतंय." आणि फोन ठेवून बोंबील भिजत घातले.